रांजणाची विद्या

तलवाड्याला वैशाखात पारा बेचाळीसवर गेला की त्वरितादेवीच्या डोंगरावरचा दगड पाय टेकू देत नाही, दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि त्याच दुपारी ओसरीतल्या रांजणातलं पाणी मात्र हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी गार लागतं. सरकून बसा लेकरांनो, आज या रांजणापासूनच गोष्ट धरतो आणि जिथं अवकाशातली थंडीसुद्धा उबदार म्हणावी लागेल अशा जागी तुम्हाला घेऊन जातो.

रांजण काही बाहेरून गारवा आणत नाही, बरं का. पाण्याचे कण आत सारखे पळत असतात, काही सावकाश, काही दांडगे; पाणी मातीच्या छिद्रांतून बाहेर पाझरलं की त्यातले दांडगे वाफ होऊन उडतात, जाताना आपल्या वाट्यापेक्षा जास्त उष्णता घेऊन जातात, आणि मागं राहिलेले एकमेकांना धडकत, उरलीसुरली उष्णता आपसांत वाटून घेत निवत जातात. आमच्या आळीत एकानं हौसेनं नव्या रांजणाला बाहेरून हिरवागार ऑइलपेंट दिला होता. असा देखणा दिसायचा की जाणारी-येणारी माणसं थांबून बघायची, पण पाणी कोमटच्या कोमट. छिद्रं बुजली, दांडग्यांची वाट बंद झाली, आणि शेवटी त्यात बाजरी भरून ठेवली. ही दांडगे घालवायची युक्ती ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता १९२४ सालात या. ढाक्याच्या विद्यापीठात सत्येंद्रनाथ बोस नावाचा तिशीतला मास्तर होता. प्रकाशाचे कण मोजायची त्यानं एक नवीच रीत काढली: दोन कण हुबेहूब सारखे असतील तर ‘हा पहिला, तो दुसरा’ असं म्हणायचंच नाही. त्यानं तो निबंध चार जूनला थेट आइन्स्टाइनला धाडला. आइन्स्टाइननं स्वतः बसून त्याचं जर्मन भाषांतर केलं, छापून आणलं, आणि मग तीच रीत वायूच्या अणूंना लावून बघितली. आणि काय निघालं म्हणता! अणूला लाटेचंही अंग असतं, आणि अणू जितका थंड तितकी ती लाट लांब. वायू इतका थंड केला की एकाची लाट शेजाऱ्यापर्यंत पोचली, तर कोण कुठला हे सांगताच येत नाही आणि अणू सगळ्यांत खालच्या एकाच अवस्थेत गोळा व्हायला लागतात. हजारो अणू, पण लाट एक.

खरी गंमत इथून पुढं आहे, आणि मला तरी या सगळ्यात तीच जास्त मोलाची वाटते. आइन्स्टाइनच्या हिशेबात अणू एकमेकांना शिवतच नव्हते. पण शिवलेच नाहीत तर रांजणाची विद्या चालायची कशी? दांडगे गेल्यावर उरलेल्यांनी धडकून उष्णता वाटून घ्यायला हवी ना! बरं, जास्त जवळ येऊ द्यावेत, तर एवढ्या थंडीत ते चिकटून घट्ट गोळाच होऊन बसतात. म्हणजे वायू विरळ हवा, आणि तरी थोडा धक्का लागता हवा. या ‘थोड्या’चा हिशेब १९४७ साली रशियातल्या निकोलाय बोगोल्युबोव यांनी मांडला. त्यांनी दाखवलं की अणू एकमेकांना किंचित जरी ढकलत असले तरी वायूचा स्वभावच पालटतो: त्यात एकाला हलवलं तर तो एकटा हलत नाही, ती हालचाल आवाजाची लाट होऊन सगळ्यांतून जाते. आणि हा आवाज किती संथ? रुबिडियम नावाच्या धातूच्या अशा वायूत सेकंदाला दोनेक मिलिमीटर. त्या वेगानं एक किलोमीटर जायला जवळजवळ सहा दिवस लागतील!

आणखी एक नवल सांगतो. वायू पुरेसा विरळ असला की त्याच्या ऊर्जेचा पहिला हिशेब करायला अणूची सगळी जन्मकुंडली लागत नाही. वजन आणि दाटी ठाऊक असली की धडकेची फक्त एक लांबी पुरते, म्हणजे अणू एकमेकांना जणू किती अंतरावर अडतात ती. रुबिडियमसाठी ती पाचेक नॅनोमीटर, आणि दोन अणूंमधलं अंतर तिच्या चाळीसपट. सूत्र इतकं सुटसुटीत, पण ते पक्कं सिद्ध करायला किती वर्षं गेली बघा: ऊर्जा याहून जास्त नाही हे डायसन यांनी १९५७ मध्ये दाखवलं, आणि याहून कमीही नाही हे लीब आणि इंगव्हासन यांनी थेट १९९८ मध्ये.

प्रत्यक्षात हा वायू पहिल्यांदा झाला १९९५ च्या जूनमध्ये, अमेरिकेत बोल्डरला, कॉर्नेल आणि वीमन यांच्या हातून. रुबिडियम हा धातू मोठा नाजूक: ३९ अंशांना वितळतो, म्हणजे आपल्या वैशाखात बंद काचेच्या नळीत सावलीतसुद्धा पाणी पाणी होईल, आणि हवा लागली तर पेट घेतो. त्याची वाफ त्यांनी आधी लेझरनं निववली, मग चुंबकाच्या सापळ्यात धरली, आणि शेवटी तीच रांजणाची विद्या: सापळ्याच्या कडेनं दांडगे अणू बाहेर जाऊ दिले, उरलेल्यांना धडकून निवू दिलं, पुन्हा दांडगे घालवले. अखेरीस दोनेक हजार अणू उरले, आणि त्यांचं तापमान शून्याखाली २७३ अंशांच्या त्या शेवटच्या तळापासून किती वर? एका अंशाचे शंभर कोटी भाग करा, त्यातले १७०. अवकाशाची थंडी त्या तळापासून पावणेतीन अंश वर आहे, म्हणजे ती याच्यापुढं ऊबच. सत्येंद्रनाथ १९७४ लाच गेले. त्यांना हे बघायला मिळालं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

आपल्याकडंही हे झालं आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. एस. उन्नीकृष्णन यांच्या गटानं रुबिडियमला प्रकाशाच्याच सापळ्यात धरून निववलं, त्याचा निबंध २००७ साली आला. पुण्यात पाषाणला आयसर संस्थेत उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेत अतिथंड अणूंचं काम चालतं. हा वायू फार टिकत नाही. कितीही विरळ ठेवला तरी कधीतरी तीन अणू एका जागी गाठ पडतात, त्यातले दोन चिकटतात आणि सुटलेल्या उष्णतेनं तिघंही सापळ्याबाहेर फेकले जातात. फोटो काढायला प्रकाश टाकला तरी तो तापून विस्कटतो, म्हणून सहसा प्रत्येक फोटोसाठी नवा वायू निववायला लागतो. तेव्हा तुमच्या घरचं कुणी पुण्याला शिकायला असेल तर त्याला सांगा, पाषाणला जा, रीतसर विचार, आणि बघू दिलं तर बघून ये.