‘बगर’ : शिवी किती, उसासा किती?

‘बगर’ (bugger) ही इंग्रजी शिवी आहे, तेव्हा ती ज्याच्या तोंडी तो शिवराळ, असा हिशेब मांडला तर अर्धा न्यूझीलंड त्यात सापडेल. १९९९ साली तिथल्या टीव्हीवर टोयोटा हायलक्सची जाहिरात आली. नव्या गाडीचा जोर न ओळखणारा शेतकरी एकामागून एक घोळ घालतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखल उडतो, आणि गाडीच्या हौद्यात उडी मारू पाहणारा कुत्रा चिखलात आपटतो. संवाद जवळपास एवढाच : ‘बगर’. कुत्र्याच्याही तोंडी तोच! तक्रारी झाल्या, पण जाहिरातींच्या तक्रार मंडळाने त्या मान्य केल्या नाहीत. यावरून कोणी म्हणतं, देशच असभ्य. कोणी म्हणतं, शब्दात वाईट काहीच नाही. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

हातातला कप निसटला की निघणाऱ्या ‘बगर’चा रोख कुणावरच नसतो. ‘पुअर बगर’ म्हणजे बिचारा, ‘लकी बगर’ म्हणजे नशीबवान लेकाचा. ‘बगर ऑल’ म्हणजे काही म्हणजे काही नाही. ‘बगर्ड’ माणूस दमून गळालेला असतो, ‘बगर्ड’ इंजिन कामातून गेलेलं. ‘बगर ऑफ’ मात्र सरळ ‘चालता हो’. तिथे समोर माणूस असतो, म्हणून धारही असते. आपल्याकडे ‘शिंच्या’ म्हणताना त्यामागची ‘शिंदळ’ कुणाच्या मनात येते? शब्द झिजत जातो आणि अर्थ सुरावर ठरू लागतो.

हा शब्द किड्याच्या ‘बग’वरून आला, ही समजूत चुकीची आहे. त्याचं मूळ ‘बल्गेरियन’मध्ये आहे. बल्गेरियातल्या बोगोमिल पंथाला मध्ययुगीन चर्चने पाखंडी ठरवलं. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बल्गेरियन’ हाच शब्द पाखंड्यांसाठी रूढ झाला. पाखंड्यांवर ‘अनैसर्गिक’ संभोगाचा आळ घेण्याची रीतच होती, आणि इंग्रजीत तोच अर्थ चिकटला. आठव्या हेन्रीच्या काळातल्या १५३३ च्या कायद्यात हा गुन्हा देहदंडाचा ठरला.

इथेच खरा आक्षेप उभा राहतो. ज्या गुन्ह्याच्या नावातून हा शब्द आला, त्यासाठी माणसं तुरुंगात गेली. मग त्याला सौम्य कसं म्हणायचं? आक्षेप पोकळ नाही. ब्रिटिश कायद्याचा वारसा न्यूझीलंडनेही चालवला. पुरुषांमधले संमतीचे संबंध तिथे १९८६ पर्यंत गुन्हाच होते. तो गुन्हा रद्द करणारं खासदार फ्रॅन वाइल्ड यांचं विधेयक ४९ विरुद्ध ४४ मतांनी मंजूर झालं, आणि जुन्या शिक्षा नोंदींतून पुसण्याचा कायदा यायला २०१८ उजाडलं. पण यातून सिद्ध होतं ते एवढंच, की सौम्यपणा शब्दात कोरलेला नसतो. सांडलेल्या चहावरचा ‘बगर’ हा उसासा असतो. समलिंगी माणसाकडे बोट दाखवून म्हटलेला ‘बगर’ जुना आळ पुन्हा जिवंत करतो. व्युत्पत्तीवरून पहिल्याला दोषी धरणं आणि झिजलेपणावरून दुसऱ्याला सोडून देणं, दोन्ही चूकच. न्यूझीलंडचं प्रसारण मानक प्राधिकरणही नुसता शब्द बघत नाही; कार्यक्रम, वेळ आणि प्रेक्षक बघतं.

तेव्हा ऑकलंडच्या ऑफिसात कुणी ‘यू पुअर बगर’ म्हणालं तर रागावू नका, ती सहानुभूती आहे. मात्र नोकरीच्या मुलाखतीत किंवा पहिल्याच भेटीत हा शब्द आपण होऊन वापरू नका.