तळ दिसत नसेल तर पाण्यात उतरू नका

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, मळ्यातल्या बंगल्याशेजारी पोहण्याचा तलाव बांधला. वीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि चार फूट खोल. आम्ही भाऊ लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. आता विहिरी आटल्या, नाहीतर त्यांवर जाळ्या बसल्या. नातवंडांना पाण्याचे सुख मिळावे एवढाच अण्णांचा हेतू होता. हल्ली आपल्या भागातही शेतघरे आणि कृषी पर्यटन केंद्रे वाढल्यामुळे असे तलाव बरेच दिसू लागले आहेत. म्हणून आजचा लेख.

त्या दिवशी सकाळी मी मळ्यात पोचलो, तेव्हा पाणी हिरवट आणि गढूळ होते. मी म्हटले, "अण्णा, पाणी हिरवं दिसतंय." ते म्हणाले, "अरे बोअरचं पाणी आहे, आठ दिवसांपूर्वीच भरलंय. विहिरीत काय निळं पाणी होतं का?" मी हसलो आणि ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलो. तीस वर्षे डॉक्टरी केलेल्या माणसाने तेव्हा गप्प बसायला नको होते.

दुपारी वहिनींनी आमरसाची ताटे मांडली. ताटे अकरा आणि पोरे दहा! सहा वर्षांची नात कुठे दिसेना. तलावाकाठी आम्ही सगळे उभे होतो, पण चार फूट पाण्याचा तळ कोणालाही दिसत नव्हता. शेवटी एका मोठ्या मुलाने आत उडी घेतली आणि त्याच्या पायाला ती लागली.

पोर वर काढली तेव्हा तिचा श्वास थांबला होता. एकाने तिचे पाय धरून तिला उलटे करायला घेतले, दुसरा पोट दाबायला धावला. मी दोघांना बाजूला केले, तिला उताणे निजवले, मान किंचित मागे करून तोंडाने श्वास दिले. पाचव्या श्वासाला ती खोकली आणि रडली. मुलाचे रडणे इतके गोड मला कधी लागले नव्हते. दोन दिवस रुग्णालयात राहून ती सुखरूप घरी आली.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "मुरूम टाकून बुजवून टाकतो." मी म्हटले, "बुजवू नका. नीट ठेवायला शिकू." त्यानंतर आम्ही दोघे जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो.

पाणी हिरवे का होते?

विहिरीला झरे असतात. तलावातले पाणी मात्र तेच ते असते. त्यात घाम, तेल, माती, पालापाचोळा आणि लहान मुलांची लघवी मिसळत राहते. त्यावर ऊन पडले की शेवाळ धरते. ज्या पाण्यात शेवाळ वाढते, त्यात जंतुनाशक उरलेले नाही असेच समजावे. मग जुलाब, कानाला ठणका, डोळे येणे, अंगावर पुरळ या तक्रारी सुरू होतात. मे महिन्यात दवाखान्यात येणाऱ्या कान दुखणाऱ्या मुलांना मी आता पहिला प्रश्न विचारतो, "पोहायला कुठे गेला होतास?"

कोमट, अस्वच्छ गोड्या पाण्यात एक अमीबाही वाढतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. हा आजार फार विरळा, पण बहुधा प्राणघातक ठरतो. केरळात २०२४ आणि २०२५ साली त्याचे रुग्ण आढळले. घाबरून जायचे कारण नाही. योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यात हा अमीबा टिकत नाही.

औषध किती घालावे?

पोहण्याच्या पाण्यात मोकळे क्लोरीन दर दहा लाख भागांत १ ते ३ भाग असावे. हिशेब सोपा आहे. १००० लिटर पाण्याला १ ग्रॅम क्लोरीन म्हणजे १ भाग. लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणावी आणि येणाऱ्या आकड्याला २८.३ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. अण्णांचा तलाव सुमारे २७,००० लिटरचा निघाला. २ भाग क्लोरीनसाठी ५४ ग्रॅम क्लोरीन हवे. ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात, त्या ब्लीचिंग पावडरीत ताजी असताना साधारण तिसरा हिस्सा क्लोरीन असते. म्हणजे पावडर १६० ते १८० ग्रॅम लागली. पोते उघडे राहिले, उन्हात पडले, की ताकद निघून जाते. पाणी घाण असेल तर क्लोरीन त्या घाणीतच खर्च होते. म्हणून अंदाजावर न जाता रोज पाणी तपासावे. तपासणीचा छोटा संच मिळतो. त्यातला मोकळे क्लोरीन वेगळे दाखवणारा घ्यावा.

पावडर कधीही कोरडी टाकू नये. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घ्यावे, त्यात पावडर ढवळावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी तलावात चौफेर ओतावी. हे काम संध्याकाळी करावे, कारण कडक उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जाते. सकाळी पोहण्यापूर्वी पुन्हा तपासावे.

शेतकऱ्यांना मातीचा सामू ठाऊक असतो. पाण्यालाही सामू असतो. तो ७.२ ते ७.८ ठेवावा. आपल्या अश्रूंचा सामू साधारण ७.४ असतो, म्हणून या पाण्यात डोळे झोंबत नाहीत. सामू साडेआठच्या वर गेला, तर घातलेल्या क्लोरीनचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला येतो. ब्लीचिंग पावडरीने सामू वर चढतो, हे लक्षात ठेवावे.

एक गैरसमज सांगतो. तलावाला औषधाचा उग्र वास आला की लोक म्हणतात, "वा, पाणी स्वच्छ आहे." खरे तर तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाल्याचा असतो. डोळेही त्यानेच लाल होतात. चांगल्या पाण्याला वास अगदी थोडा येतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबण लावून अंघोळ करावी, आणि मुलांना तासातासाने लघवीला पाठवावे. जुलाब झालेल्याला पाण्यात मुळीच उतरवू नये. जुलाबाचे काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जगतात.

रोजची निगा

गाळणीचा पंप रोज सहा ते आठ तास चालवावा. वरचा पालापाचोळा जाळीने काढावा. भिंती आणि पायऱ्या आठवड्यातून दोनदा ब्रशने घासाव्यात, कारण शेवाळ प्रथम कोपऱ्यांत धरते. वाळूच्या गाळणीवरचा दाबाचा काटा नेहमीपेक्षा आठ-दहा पाउंडांनी वर गेला, की पाणी उलटे सोडून गाळणी धुवावी. पाणी हिरवे झालेच, तर पोहणे बंद करावे. घासून, संध्याकाळी क्लोरीन १० भागांपर्यंत वाढवून पंप रात्रभर चालू ठेवावा. मग तळाचा गाळ ओढून काढावा. क्लोरीन पुन्हा ३ भागांवर येईपर्यंत कोणी उतरू नये.

हंगाम संपल्यावर तलाव तसाच सोडून देऊ नका. साचलेल्या पाण्यात डास होतात. वापर नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा. क्लोरीनच्या पाण्यात मात्र ते मरतात, म्हणून दोन्हींपैकी एकच करावे.

औषधाचे पोते कुठे ठेवता?

अण्णांच्या मळ्यात टीसीएलचे पोते खताच्या खोलीत, युरियाला लागून आणि डिझेलच्या डब्याशेजारी होते! ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. ही पावडर खत, तेल किंवा रॉकेल यांच्याशी मिसळली तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. ॲसिडशी किंवा संडास साफ करायच्या औषधाशी मिसळली तर विषारी वायू सुटतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि पावडर एकाच बादलीत कालवू नये. पोते कोरड्या, हवेशीर, कुलपाच्या जागी वेगळे ठेवावे. औषध नेहमी पाण्यात टाकावे, औषधावर पाणी ओतू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे

तलावाभोवती चार फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक हवे. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने काठावर बसून फक्त त्यांच्याकडे पाहावे. हाती वर्तमानपत्र नको आणि मोबाइलही नको. बुडणारे मूल ओरडत नाही. तोंड पाण्यात असते, ओरडणार कुठून? म्हणून आवाजावर विसंबू नका.

कोणी बुडालाच, तर पोटातले पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या. हालचाल दिसली नाही तर छातीच्या मध्यावर दाब द्या, तीस दाबांमागे दोन श्वास. दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा. माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी रुग्णालयात न्याच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

अण्णांनी आता तलावाच्या तळाशी मधोमध एक काळी फरशी बसवली आहे. ते रोज सकाळी काठावर उभे राहतात. फरशीच्या चारही कडा स्पष्ट दिसल्या तरच फाटकाचे कुलूप निघते. गेल्या मे महिन्यात एकदा दोन दिवस ते निघाले नाही. पोरांनी रडून गोंधळ घातला, पण अण्णा बधले नाहीत. ज्या नातीला आम्ही बाहेर काढले होते, ती आता छान पोहते. फरशी दिसते की नाही, हे तीच धावत येऊन आजोबांना सांगते.

वाचकहो, तुमच्या घरी तलाव नसेल, पण सुट्टीत मुलांना घेऊन तुम्ही कुठेतरी जालच. मुलांचे कपडे काढण्यापूर्वी एकदा काठावर उभे राहून पाहा. तळ दिसला नाही, तर यजमानाला वाईट वाटेल याची भीड बाळगू नका. मी ती बाळगली होती.