दोन जिवांचं जेवण म्हणजे दुप्पट जेवण नव्हे

दिवस गेल्यावर काही सुनांना गोश्ताचा वासही सोसत नाही. मग घरात काळजी सुरू होते, बाळाला ताकद कुठून येणार? आम्ही सांगतो, डाळ, चणे, मटकी, सोयाबीन, नाचणी, पालेभाजी यांतूनही येते. भाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने. दूध-अंडीही बंद असतील तर बी-१२ साठी डॉक्टरांना विचारून गोळी घ्याच, ते डाळी-भाज्यांत नसतं. चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चुकवू नका.

दुप्पट वाढू नका. जास्तीची एखादी भाकरी, वाटीभर उसळ, मूठभर शेंगदाणे पुरे. मूळ वजन योग्य असेल तर नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वाढ ठीक. दर तपासणीला वजन बघा. कमी भरलं तर तिला बोल लावू नका, डॉक्टरांना दाखवा.