मोटारीच्या पुढील स्प्रिंगा व त्या बदलण्याची रीत

दौंड जंक्शनावर उभ्या असलेल्या आगगाडीच्या डब्याखालीं समोरच्या फलाटावरून पाहिल्यास चाकांजवळ जाड सळईच्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगा दिसतात. रुळांवरील हादरे त्या आपल्या अंगावर घेतात, म्हणून प्रवाशांस बसल्या जागीं सुखानें पाणी पितां येतें. मोटारीच्या पुढील चाकांपाशींहि बहुधा याच जातीच्या स्प्रिंगा असतात.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत ‘पद्मिनी’ मोटार तयार होत असे. तिला मागें पाटे व पुढें वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असत. तिचें उत्पादन बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तथापि कांहीं घरीं ती अद्याप जपून ठेवलेली आढळते. अशा जुन्या मोटारीची एक बाजू झुकली, खड्ड्यांत खालून ठोका ऐकूं आला, किंवा गंजलेल्या वेटोळ्यास तडा दिसला, तर स्प्रिंग बदलण्याची वेळ आली असें समजावें.

हें काम वरवर सोपें दिसतें. परंतु त्यांतील धोका गणितानें कळतो. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं असा नियम प्रसिद्ध केला कीं, स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणांत तिचा प्रतिकार वाढतो. समजा, एक स्प्रिंग ३०० किलोग्रॅम भारानें १० सेंटिमीटर दबली. बळ शून्यापासून ३०० पर्यंत वाढत गेलें, म्हणून सरासरी १५०, त्यास ०.१ मीटरनें गुणिलें असतां १५ येतात. म्हणजे एक किलोग्रॅमचा दगड १५ मीटर उंचीवरून पडतांना जेवढी शक्ति मिळवितो, तेवढी त्या स्प्रिंगेंत कोंडलेली असते. चाक काढल्यानें ती सर्व नाहींशी होत नाहीं.

म्हणून कामाचा क्रम मोडूं नये. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून हातब्रेक ओढावा व मागील चाकांस दोन्हीकडून ठोकळे लावावे. चाकाचे नट थोडे सैल करून मगच जॅकनें गाडी उचलावी. नुसत्या जॅकवर कधींहि विसंबूं नये. सांगाड्याच्या भक्कम भागाखालीं लोखंडी घोड्या ठेवून गाडी त्यांवर टेकवावी. विटांचा ढीग घोडीचें काम करीत नाहीं. वीट भाराखालीं अकस्मात् फुटते. नंतर चाक काढून खालच्या भुजेस जॅकचा आधार द्यावा, आणि स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा वेटोळ्यांत पक्का बसवून त्याचे आटे थोडेथोडे, सर्व बाजूंनीं सारखे आवळावे. स्प्रिंग आपल्या बैठकीवर सैल झाली, हें पाहिल्यावरच भुजेचा सांधा सोडून जॅक सावकाश खालीं घ्यावा. स्प्रिंगेच्या टोकांसमोर तोंड अथवा हात नेऊं नये. ती बाहेर काढल्यावर शिकंज्याचे आटेहि तसेच हळूहळू सैल करावे.

नव्या स्प्रिंगा जोडीनेंच बसवाव्या. एकच बदलल्यास गाडी एकीकडे कलते. स्प्रिंगेचें टोक बैठकीच्या खाचेंत नीट बसलें पाहिजे. शेवटीं सर्व नट पुन्हां तपासून चाकांची दिशा कारखान्यांत जुळवून घ्यावी.

शिकंजा नसेल, तर दोरी वा तार बांधून हें साहस मुळींच करूं नये. शिरूर अथवा दौंड येथील जाणत्या मिस्त्रीकडे गाडी न्यावी. विद्यार्थ्यांनीं तर दूर उभें राहूनच पाहावें. जी शक्ति हळूहळू सांठविली, ती हळूहळूच मोकळी करावी, हा या कामाचा सारांश होय. घरीं काम केल्यानें मजुरीचे चार पैसे वांचतात खरे. पण गेलेला डोळा पैशांनीं परत मिळत नाहीं.