‘डिस्क फॉरमॅट करायची का?’

आमची आत्या जात्यावरच्या ओव्या फार सुरेख म्हणायची. ती थकल्यावर माझ्या भाच्यानं साताऱ्याला तिच्यासमोर कॅमेरा मांडून दोन दिवस चित्रण केलं. पुण्याला जाऊन आपल्या मॅकवर ते नीट लावलं आणि एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घालून मला पाठवून दिलं. मी ती डिस्क कपाटात ठेवली. पुढे आत्या गेली. तेराव्याला सगळे जमले, तेव्हा कुणी तरी म्हणालं, ‘अरे, त्या ओव्या लाव की.’

घरच्या संगणकावर विंडोज. डिस्क जोडली, तर पडद्यावर एक चौकट आली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? धाकट्या भावाचा हात माऊसवर होता. विचारतोय तर ‘हो’ म्हणावं, असा त्याचा साधा हिशेब. मी म्हटलं, आधी फोन करू. भाचा पलीकडून ओरडलाच, ‘मामा, थांब! काही दाबू नकोस. रद्द कर आणि डिस्क काढून ठेव!’

डिस्क बिघडली नव्हती. मग संगणक असं का विचारतो?

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले लाखो कागद आहेत. मोडी न येणाऱ्या माणसाच्या हाती त्यातला एखादा रुमाल दिला, तर त्याला नुसत्या रेघोट्या दिसतील. कागद खरे, मजकूरही जागच्या जागी, पण वाचणाऱ्याला लिपी येत नाही. हार्ड डिस्कचंही तसंच आहे. कोणती फाइल कुठे ठेवली, तिचं नाव काय, किती मोठी, याची एक वही डिस्कवरच असते. ती वही लिहिण्याची पद्धत म्हणजे फॉरमॅट. विंडोजची पद्धत एनटीएफएस, १९९३ सालची. मॅकची जुनी पद्धत एचएफएस प्लस, १९९८ची, आणि २०१७पासूनची नवी एपीएफएस. मॅकला विंडोजची वही वाचता येते, पण तिच्यात लिहिता येत नाही. म्हणून फायली दिसतात, उघडतात, आणि नवीन काही घालायला गेलं की जमत नाही. विंडोजला मात्र मॅकची वही मुळीच वाचता येत नाही. गंमत म्हणजे ‘मला ही लिपी येत नाही’ असं ते प्रांजळपणे सांगत नाही; ‘ही वही टाकून कोरी घालू का?’ असं विचारतं. माझ्या मते ही चौकट फार वाईट शब्दांत लिहिलेली आहे.

चुकून ‘हो’ म्हटलंच तर? नेहमीच्या झटपट फॉरमॅटमध्ये वही पुसली जाते, फिरत्या तबकडीच्या डिस्कवरचा मजकूर बराचसा तसाच पडून राहतो. त्यावर नवं काही लिहिलं नाही, तर जाणकाराला तो पुष्कळदा परत काढता येतो. म्हणून अशा वेळी डिस्क लगेच काढावी आणि स्वतः प्रयोग करू नयेत. पूर्ण फॉरमॅट केलं असेल, किंवा डिस्क एसएसडी जातीची असेल, तर मात्र आशा फार कमी.

दोघांनाही वाचता-लिहिता येईल अशी पद्धत आहे, आणि तिच्यासाठी वेगळा खर्च नाही. पूर्वी त्यासाठी फॅट ३२ वापरत. ती अजून सगळीकडे चालते, काही जुन्या टीव्हींना तर तीच लागते. पण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, आणि लग्नाचं चित्रण सहज त्यापुढे जातं. तिच्यानंतर मायक्रोसॉफ्टनं २००६मध्ये एक्सफॅट आणली. मॅकनं २०१०पासून ती स्वीकारली. आज दोन्हीकडे फिरवायच्या डिस्कला हीच योग्य.

पण डिस्क एक्सफॅट करायची म्हणजेही फॉरमॅटच करायची, त्यात सगळं पुसलं जाणारच. तेव्हा नवी, रिकामी असतानाच हे उरकावं. विंडोजमध्ये डिस्कच्या चित्रावर उजवं बटण दाबून फॉरमॅट निवडायचं आणि यादीतून एक्सफॅट घ्यायचं. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’ उघडायची, ‘व्ह्यू’मधून सगळी उपकरणं दाखवायला सांगायची, सर्वांत वरचं डिस्कचं नाव निवडून ‘इरेज’ म्हणायचं. फॉरमॅट एक्सफॅट, स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप. नाव निवडताना दोनदा बघा, शेजारीच तुमच्या मॅकची स्वतःची डिस्क असते.

एक्सफॅटमध्ये एक उणीव आहे. एनटीएफएस किंवा मॅकच्या पद्धती वहीत बदल करताना त्याची वेगळी नोंद ठेवतात, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी वही सावरता येते. एक्सफॅटला ती सोय नाही. म्हणून वायर नुसती ओढू नये, आधी ‘इजेक्ट’ करावं. आपल्याकडे ही सवय कुणालाच नाही, मलाही नव्हती. आणि मॅकवरून आलेल्या डिस्कवर टिंब आणि खालच्या रेघेनं सुरू होणाऱ्या चिमुकल्या फायली दिसल्या, तर व्हायरस समजून घाबरू नका. मॅक आपल्या सोयीची टिपणं त्यात ठेवतो. मॅकच्या ‘टाइम मशीन’साठी मात्र वेगळी डिस्क ठेवा, ती एक्सफॅटवर चालत नाही.

पुढच्या रविवारी भाचा मॅक घेऊन आला. ओव्या आधी मॅकवर उतरवल्या, प्रत्येक फाइल उघडून पाहिली, मगच डिस्क एक्सफॅट करून त्या परत घातल्या. दुसरी एक डिस्क आणून तिच्यावरही उतरवल्या, ती आता धाकट्याकडे असते. संध्याकाळी विंडोजच्या त्याच संगणकावर आत्या दिसली. पहिली ओवी सुरू करण्याआधी भाच्याला विचारत होती, ‘झालं का रे तुझं यंत्र सुरू?’