तीस पौंडांचा आवाज

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३मध्ये बाजारात आला. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर राहिला जेमतेम एक आठवडा. पण यादीतून तो हलेचना. १९८८पर्यंत त्याचे एकूण ७४१ आठवडे त्या यादीत भरले होते. जगभरातला त्याचा खप साडेचार कोटी प्रतींच्या वर असल्याचा अंदाज आहे.

या यशाची मीमांसा पुष्कळ झाली आहे. बहुतेक ठिकाणी ती चार नावांभोवती फिरते: रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिलमोर, रिचर्ड राइट आणि निक मेसन. त्यांचा वाटा मोठा आहे, याबद्दल वाद नाही. मात्र हा अल्बम वर्षानुवर्षं ऐकताना मला एक प्रश्न पडत आला आहे. आपण जे ऐकतो त्यातलं किती या चौघांचं आणि किती इतरांचं? शिवाय ‘इतरांचं’ म्हणजे नेमकं काय: त्यांची मजुरी की त्यांची निर्मिती?

आधी ही रचना घडली कशी ते पाहू. ती स्टुडिओत जन्मली नाही. जानेवारी १९७२मध्ये, म्हणजे प्रकाशनाच्या वर्षभर आधी, बँडने ब्रायटनच्या रंगमंचावर ती सलग वाजवायला घेतली. पैशावरच्या ‘मनी’ या गाण्यापर्यंत आल्यावर यंत्रणेने दगा दिला आणि प्रयोग थांबवावा लागला. पण पुढे वर्षभर दौऱ्यांमध्ये ती वाजत राहिली आणि बदलत राहिली. समारोपाचं ‘एक्लिप्स’ हे गाणं नंतर जोडलं गेलं. प्रवासाच्या धास्तीवरचा भाग आधी गिटारवर होता, त्याच्या जागी सिंथेसायझरची धावती लय आली. नाटक तालमींत आणि प्रयोगांत घडावं, तसंच हे. विषयही साधे आणि सगळ्यांचे: वेळ, पैसा, मरण, भांडण आणि वेड. सगळे शब्द वॉटर्सचे. बँडचा आधीचा म्होरक्या सिड बॅरेट मानसिक आजारामुळे १९६८मध्ये बँडपासून दूर झाला होता. वेडाबद्दलच्या शब्दांना ही पार्श्वभूमी आहे.

दौरे सांभाळत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९७२च्या उन्हाळ्यात. इथे थोडं तंत्र समजून घ्यायला हवं. तिथे सोळा ट्रॅकची यंत्रणा होती. म्हणजे एकाच रुंद टेपवर सोळा समांतर पट्ट्या, प्रत्येकीवर वेगळं वाद्य किंवा आवाज, आणि ते निरनिराळ्या दिवशी मुद्रित करून शेवटी एकत्र मिसळायचे. त्यामुळे ध्वनिमुद्रण ही रचनेची केवळ नोंद उरली नाही. रचनाच तिथे होऊ लागली. ‘मनी’च्या सुरुवातीचा नाण्यांचा ठेका घ्या. वॉटर्सने एका मोठ्या भांड्यात नाणी टाकून तो आवाज टिपला. त्याला कागद फाटण्याचे, गल्ल्याच्या यंत्राचे आवाज जोडले. टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापले, सात मात्रांचं आवर्तन होईल असे चिकटवले आणि त्या टेपचं कडं यंत्रावर फिरत ठेवलं. कागदावर लिहिता येईल असं हे संगीत नाही.

आता माणसांकडे वळू. ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळत होता विशीतला ॲलन पार्सन्स, स्टुडिओचा पगारी नोकर. ‘टाइम’ या गाण्याआधी घड्याळांचा जो कल्लोळ उठतो, तो त्याने आधी एका जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ स्वतंत्र मुद्रित करून ठेवला होता, दुसऱ्याच कामासाठी. गाण्यांच्या अधूनमधून ऐकू येणारे बोलण्याचे आवाज स्टुडिओत वावरणाऱ्या माणसांचे आहेत. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले होते: मरणाची भीती वाटते का, शेवटची मारामारी कधी केली, तेव्हा तुमचं बरोबर होतं का. पॉल मॅकार्टनीनेही उत्तरं दिली, पण ती फार सावध वाटली म्हणून वापरली गेली नाहीत. वापरला गेला तो स्टुडिओचा दरवान जेरी ओ’ड्रिस्कॉल. अल्बम संपतो तो त्याच्या आवाजावर आणि हृदयाच्या ठोक्यांवर.

सर्वांत बोलकं उदाहरण क्लेअर टॉरी या गायिकेचं. राइटने पियानोवर बांधलेल्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या मृत्यूविषयीच्या तुकड्यात काहीतरी उणं होतं. जानेवारी १९७३मधल्या एका रविवारी पार्सन्सच्या शिफारशीने तिला बोलावलं. शब्द नव्हते, चाल नव्हती. आपला आवाज हे एक वाद्य आहे असं समजून तिने दोन-तीन वेळा गाऊन दाखवलं, रविवारचा दुप्पट दर म्हणून तीस पौंड घेतले आणि ती घरी गेली. आपला आवाज वापरला गेल्याचं तिला कळलं ते अल्बम बाजारात आल्यावर. वेष्टनावर गायिका म्हणून तिचं नाव होतं, पण रचनाकार म्हणून एकट्या राइटचं. स्वामित्वधन अर्थात रचनाकाराला मिळतं.

१९७३च्या रिवाजाप्रमाणे यात काही गैर नव्हतं. सूर सुचतो तो रचनाकार, गातो तो कामाचा माणूस, ही वाटणी सुरावट आधी कागदावर असे त्या काळातली. पण इथे सूर सुचले गाणाऱ्यालाच, गातागाता. आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बंदिश दोन ओळींची असते, बाकीचा राग गाणारा तिथल्या तिथे उभा करतो. टॉरीने २००४मध्ये बँड आणि ईएमआय कंपनीविरुद्ध दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि नंतरच्या आवृत्त्यांवर राइटच्या जोडीला तिचं नाव रचनाकार म्हणून आलं. मधे बत्तीस वर्षं गेली होती.

यशाच्या या गोष्टीत एक भारतीयही आहे. भास्कर मेनन मूळचे तिरुवनंतपुरमचे. भारतातल्या ग्रामोफोन कंपनीची धुरा वाहून १९७१मध्ये ते अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीचे प्रमुख झाले. पिंक फ्लॉइडच्या आधीच्या अल्बमना अमेरिकेत माफक गिऱ्हाईक होतं, शिवाय बँड तिथे दुसऱ्या कंपनीकडे जायला निघाला होता. तरीही मेनननी या अल्बमच्या प्रचारासाठी जोर लावला. ‘मनी’ तिथे स्वतंत्र तबकडी म्हणून निघालं आणि तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यांच्या या वाट्याबद्दल मेसनने पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे.

एवढं सगळं मांडण्यामागे चौघांना खाली खेचण्याचा हेतू नाही. अनेकांना एकत्र आणून त्यांच्याकडून हवं ते काढून घेणं हीसुद्धा प्रतिभाच. माझं म्हणणं इतकंच, की स्टुडिओत घडणाऱ्या कलेत ‘कर्ता कोण’ याचं उत्तर कागदावर जो आधी पोचला तो, असं देता येत नाही. या अल्बमची जुनी तबकडी लावली की पहिली बाजू संपते टॉरीच्या विरत जाणाऱ्या आवाजावर. मग तबकडी उलटवून सुई ठेवायची. दुसऱ्या बाजूवर पहिल्यांदा ऐकू येतो तो नाण्यांचा खणखणाट.