पानगळीआधीचा धनुर्बाण हंगाम

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचे वर्ष धनुष्याने सुरू होते. धनुर्बाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर उघडतो आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, अवघ्या नऊ दिवसांचा. जाणकारांची खरी कसोटी मात्र पहिल्या चार-पाच आठवड्यांत लागते. तेव्हा झाडे हिरवी असतात, डास असतात, दुपारी घाम फुटेल इतके ऊन असते.

शिकार असते पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. धोका जाणवताच ते शेपटी उभारते आणि तिची पांढरी बाजू लांबूनही दिसते. आपल्याकडच्या चितळ-सांबरांशी त्याचे नाते जवळचे आहे: नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात, काळविटासारखी जन्मभर टिकत नाहीत. हंगाम उघडतो तोवर शिंगांवरची मखमली कातडी बहुधा झडलेली असते. उन्हाळाभर एकत्र चरणारे नर सप्टेंबरात एकमेकांपासून फुटू लागतात. नोव्हेंबरातल्या माजाला अजून अवकाश असतो, त्यामुळे त्यांचा दिनक्रम चारा आणि विसावा या दोहोंभोवतीच फिरतो. सोयाबीन पिवळे पडले आणि पांढऱ्या ओकची फळे गळू लागली की शेताकडे जाणारी हरणे जंगलातच थबकतात, कारण ही फळे तांबड्या ओकच्या फळांपेक्षा कमी तुरट असतात. नेमके कोणते झाड फळे टाकू लागले आहे, हे ज्याने पायी फिरून पाहिले असेल त्याचेच मचाण योग्य जागी बसते.

मचाण जमिनीपासून साधारण पाच-सहा मीटर उंच असते आणि त्यावर सुरक्षापट्टा बांधूनच बसायचे असते. हरणाचे नाक हा शिकाऱ्याचा सर्वांत मोठा अडसर. ठिपक्याठिपक्यांच्या कपड्यांवर लोक हौसेने खर्च करतात, पण त्यापेक्षा वाऱ्याची दिशा कितीतरी महत्त्वाची. ऊन चढले की तापलेली हवा उताराने वर सरकते. संध्याकाळी गार हवा घळीत उतरते आणि माणसाचा वास सोबत नेते. म्हणूनच सकाळी चांगले असलेले मचाण संध्याकाळी निरुपयोगी ठरू शकते.

आजचे बहुतेक शिकारी कप्पीचे धनुष्य वापरतात. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना त्याचे पेटंट 1969 मध्ये मिळाले. टोकांवरच्या विकेंद्री चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर भार एकदम हलका होतो: ओढताना 30 किलो लागत असतील, तर धरून ठेवताना सहा-सात किलोच. हरीण फांदीआडून बाहेर येईपर्यंत ताणून थांबता येते, हा त्याचा मोठा फायदा.

तरीही अंतर फारसे वाढत नाही. बाण सेकंदाला सुमारे 90 मीटर जातो, ध्वनी 340 मीटर. 25 मीटरवरच्या हरणापर्यंत दोरीचा आवाज बाणाच्या सुमारे एक-पंचमांश सेकंद आधी पोहोचतो. सावध हरीण तेवढ्यात उडी घेण्यासाठी पाय दुमडते, अंग खाली जाते आणि बाण पाठीवरून निघून जातो. त्यामुळे विचारी शिकारी जवळचे, शांतपणे चरणारे, आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असलेले हरीणच निवडतो आणि खांद्यामागे, फुप्फुसांवर नेम धरतो. बाणाचे पाते वस्तऱ्यासारखे धारदार हवे, कारण मृत्यू रक्तस्रावाने येतो.

बाण सुटल्यानंतरचा काळ सर्वांत जबाबदारीचा. फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाचे. गडद लाल रक्त बहुधा यकृताचे. हिरवट, उग्र वासाचा चिकटा असेल तर बाण पोटात लागला आहे. पहिल्या प्रकारात अर्ध्या तासाने माग काढता येतो. पोटाच्या जखमेत कित्येक तास थांबावे लागते. घाई केल्यास हरीण उठून दूर जाते. थंडीत हे थांबणे सोपे, पण सप्टेंबरच्या उकाड्यात तेवढ्यात मांस नासू लागते. या पेचातून चांगली वाट नाही, म्हणून शंका असेल तर बाण न सोडणे हीच या कलेतली सर्वांत मोठी शिस्त मानावी लागते. हरीण सापडल्यावर पोट लगेच साफ करून, कातडी काढून मांस थंड करतात.

स्वतंत्र धनुर्बाण हंगामाची विस्कॉन्सिनमधली सुरुवात 1934 ची, कोलंबिया आणि सॉक या दोन कौंटींपुरती. त्याआधी कॅलिफोर्नियात डॉ. सॅक्स्टन पोप हे ‘याही’ नावाच्या जमातीतल्या इशीकडून धनुष्य करणे आणि हरणाजवळ जाणे शिकले होते. इशी 1916 मध्ये क्षयाने वारला आणि पोप यांचे धनुर्बाणाच्या शिकारीवरचे पुस्तक 1923 मध्ये आले. वन्यजीव व्यवस्थापनाचे अध्वर्यू आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्ये घडवून शिकार करीत. 1937 च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या कामाला जोडला गेला. 1972 च्या दुरुस्तीने धनुष्येही त्यात आली. 2014 पासून विस्कॉन्सिनमध्ये आडधनुष्य सर्वांना खुले झाले. जुन्या धनुर्धरांना ते पटले नाही आणि त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे: ताणून धरण्याचे कष्टच त्यात उरत नाहीत.

मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद राज्याच्या खात्याकडे करावी लागते. 2002 मध्ये येथील हरणांत मेंदू पोखरणारा, अद्याप उपचार नसलेला क्षीणतारोग आढळला. तेव्हापासून शिकाऱ्यांनी आणून दिलेल्या डोक्यांतील लसिकाग्रंथी तपासल्या जातात आणि बाधित भागात अहवाल येईपर्यंत मांस न खाण्याचा सल्ला दिला जातो.